झांकलेलें दुखणें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत आपण आपल्या पूर्वजांचें स्मरण केलें. ज्यांनीं येथील पहिली विहीर खणली, ज्यांनीं बैलगाड्यांतून दगडविटा वाहून आणल्या, त्यांचीं नांवें काल या मांडवांत वाचण्यांत आलीं. तीं ऐकत असतां एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. त्या यादींत स्त्रियांचीं नांवें अगदीं थोडीं होतीं. वास्तविक विटा जशा पुरुषांनीं वाहिल्या तशा स्त्रियांनींहि वाहिल्या. कित्येकींनीं तर अंगावरचें मूल झाडाखालीं झोळींत निजवून वाहिल्या. त्यांनीं काय वाहिलें तें आपणांस ठाऊक आहे. वाहतांना त्यांनीं काय सोसलें तें मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. त्या सोसण्याच्या एका भागाविषयीं मी आज बोलणार आहें.

विषय नाजूक आहे. बाळंतपणानंतर स्त्रियांस ओटीपोटाचीं जीं दुखणीं जडतात, ज्यांतील एकाला आपल्याकडे “अंग बाहेर येणें” असें म्हणतात, ज्यांत खोकतां-शिंकतांना लघवी सुटते व कंबर भरून येते, त्यांविषयीं हें भाषण आहे. शरीराच्या आंतील चित्र घेणारीं यंत्रें आणि गणित करणारा संगणक यांनीं या दुखण्यांबद्दल आपणांस काय शिकविलें, तें मला सांगावयाचें आहे. धर्मगुरूनें हें बोलावें काय, असें कोणाच्या मनांत येईल. मलाहि तसें वाटत होतें. परंतु आपल्या दवाखान्याच्या सिस्टरांनीं मला स्पष्ट सांगितलें, “फादर, आम्ही सांगून थकलों. बायका ऐकतात, पण घरीं जाऊन नवऱ्यापुढें नि सासूपुढें बोलत नाहींत. तुम्ही सर्वांसमोर बोललांत तर घराघरांत बोलण्याची वाट मोकळी होईल.” त्यांचें म्हणणें मला पटलें. मी वैद्य नाहीं. जें सांगणार आहें तें वाचून, विचारून व सिस्टरांकडून तपासून घेतलेलें आहे.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतों. माझी आई मजुरी करणारी होती. आम्हां सहा भावंडांस तिनें घरींच जन्म दिला. कपाशीच्या वेंचणीचे दिवस असले म्हणजे सव्वा महिन्याची विश्रांति तिच्या वांट्याला येत नसे. विसाव्या दिवशीं ती शेतांत ओटी बांधून कापूस वेंचूं लागे. मी सेमिनरींतून सुटीवर घरीं येत असें तेव्हां ती पूर्वीसारखी चालत नाहीं, मिस्सेला आली तर अगदीं शेवटीं दाराजवळ बसते, प्रवास टाळते, हें मीं पाहिलें होतें. माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशीं ती आली, दाराशीं उभी राहिली, आणि जेवणाची पंगत बसण्यापूर्वींच निघून गेली. त्या दिवशीं माझें मन दुखावलें. मुलाचें धर्मगुरु होणें आईला मनापासून मान्य नाहीं कीं काय, अशी शंका मीं कित्येक वर्षें बाळगली.

ती वारल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनें मला खरें कारण सांगितलें. शेवटच्या बाळंतपणापासून आईचें अंग बाहेर येत असे. बावीस वर्षें ती जुन्या लुगड्याची घडी बांधून वावरत होती. वास कोणास येऊं नये म्हणून ती दाराशीं बसे. आणि माझ्या दीक्षेच्या दिवशीं दोन तास उभें राहिल्यावर तिला पुढें पाऊल टाकवत नव्हतें. “भाऊला सांगूं नको, तो आतां देवाच्या घरचा झाला,” असें तिनें बहिणीला बजावलें होतें. बंधुभगिनींनों, तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकण्यांत मीं इतकीं वर्षें घालविलीं, आणि माझ्या आईला काय दुखतें तें मला ठाऊक नव्हतें.

हें दुखणें म्हणजे काय, तें समजण्यासाठीं आपल्या घरांतील बाज डोळ्यांपुढें आणा. बाजेला लाकडाची चौकट असते आणि त्या चौकटीवर सुंभ विणलेलें असतें. चौकट भक्कम असली तरी निजणाऱ्याला तोलून धरतें तें सुंभच. आपल्या कमरेच्या हाडांची अशीच एक चौकट आहे. तिच्या तळाशीं स्नायूंचे पट्टे पुढच्या हाडापासून मागें माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय या झोळीवर टेकलेले असून वरच्या बाजूनें कांहीं बंधांनीं त्यांना ओढून धरलेलें असतें. बाजेचें सुंभ एका बाजूनें तुटलें म्हणजे निजणारा त्या बाजूला खचतो. आणि तशीच वापरली तर उरलेल्या दोरांवर भार येऊन तेहि सैल पडतात. स्त्रीच्या शरीरांत तेंच घडतें. झोळी फाटली किंवा सैल झाली म्हणजे सारा भार बंधांवर येतो, बंध हळूहळू ताणत जातात, आणि गर्भाशय अथवा मूत्राशयाची भिंत खालीं उतरूं लागते. म्हणूनच पुष्कळदां इजा पंचविसाव्या वर्षीं होते आणि दुखणें पंचेचाळिसाव्या वर्षीं दिसूं लागतें. मधल्या काळांत डोक्यावरचे हंडे, भाऱ्याचीं ओझीं, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता हीं त्यांत भर घालीत असतात.

शेंकडों वर्षें वैद्यांना ही झोळी जिवंत स्त्रीच्या शरीरांत दिसत नव्हती. त्यांना जें ठाऊक होतें तें हाताच्या स्पर्शानें, नाहींतर मृत शरीराच्या विच्छेदनानें कळलेलें; आणि मृत शरीरांत स्नायूंचा ताण उरलेला नसतो. १८९५ सालीं जर्मनींत विल्हेल्म राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले. त्यांनीं हाडें दिसूं लागलीं, म्हणजे बाजेची चौकट दिसली. सुंभ कांहीं दिसेना.

पुढें स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं डॉ. इयान डोनाल्ड या स्त्रीरोगवैद्यानें निराळा मार्ग धरला. कारखान्यांत धातूच्या आंत चीर आहे कीं काय हें पाहण्यासाठीं, कानाला ऐकूं न येणारा ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि टिपणारें यंत्र वापरीत असत. विहिरींत खडा टाकून आवाजावरून आपण पाण्याची खोली ताडतों, कांहींसा तसाच हा प्रकार. डोनाल्ड यांनीं हें यंत्र रोग्याच्या पोटावर लावून पाहिलें. एका स्त्रीला असाध्य कर्करोग आहे असें समजून वैद्यांनीं आशा सोडली होती. यंत्रानें दाखविलें कीं, तो कर्करोग नसून बीजकोशाची मोठी पाण्याची गांठ आहे. ती गांठ काढण्यांत आली व बाई बरी झाली. डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांचा यासंबंधींचा लेख १९५८ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आज खामगांव, मलकापूर, चिखली येथें जी सोनोग्राफी होते ती याच शोधाची संतति होय.

त्यानंतर चुंबकाच्या साह्यानें चित्र घेणारें एम्.आर्.आय्.चें यंत्र आलें. यांत क्ष-किरण नसतात. रोग्याला एका मोठ्या चुंबकाच्या पोकळींत निजवितात आणि रेडिओच्या लहरी सोडतात. शरीरांतील पाण्यांत व चरबींत जे हायड्रोजनचे अणु असतात ते त्या लहरींना जें उत्तर देतात, त्यावरून स्नायु, चरबी व बंध निरनिराळे ओळखतां येतात. हें तंत्र घडविणारे पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां बाजेचें सुंभ दिसूं लागलें; एवढेंच नव्हे, तर कोणता दोर तुटला आहे तेंहि दिसूं लागलें.

त्याच २००३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॉन डीलॅन्सी व त्यांचे सहकारी यांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली नैसर्गिक प्रसूति होऊन नऊ ते बारा महिने झालेल्या १६० स्त्रिया त्यांनीं घेतल्या; त्यांतील निम्म्यांना लघवी सुटण्याचा त्रास होता. तुलनेसाठीं मूल न झालेल्या ८० स्त्रिया घेतल्या. सर्वांचीं चित्रें काढून पाहिलीं. मूल न झालेल्यांपैकीं एकीच्याहि झोळींत दोष आढळला नाहीं. प्रसूत झालेल्या १६० पैकीं ३२ जणींच्या, म्हणजे पांचांत एकीच्या, स्नायूंत उघड दिसणारा दोष होता. ज्या दुखण्याला लोक नशीब म्हणत होते, त्याचा व्रण अशा रीतीनें डोळ्यांनीं पाहतां आला.

परंतु ही इजा होते कशी? वेणा देत असलेल्या स्त्रीच्या स्नायूंस मापें लावीत बसणें माणुसकीस धरून होणार नाहीं. येथें संगणक उपयोगी पडला. धरण बांधणारा अभियंता भिंत पारखण्यासाठीं तिच्यावर पुराचें पाणी सोडून पाहत नाहीं; तो आधीं गणितानें तिच्यावर भार देतो आणि तडा कोठें जाईल तें पाहतो. डॉ. डीलॅन्सी व त्याच विद्यापीठांतील अभियांत्रिकीचे प्राध्यापक जेम्स ॲश्टन-मिलर आणि त्यांचे सहकारी यांनीं हीच युक्ति योजिली. चौतीस वर्षांच्या एका निरोगी, मूल न झालेल्या स्त्रीच्या एम्.आर्.आय्. चित्रांवरून त्यांनीं संगणकांत हाडांची चौकट व स्नायूंचे पट्टे जसेच्या तसे उभे केले. मग बाळाच्या डोक्याच्या मापाचा गोल त्यांतून पुढें सरकविला आणि प्रत्येक पट्टा किती ताणला जातो तें मोजलें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, सर्वांत आंतला, पुढच्या हाडाजवळचा पट्टा आपल्या मूळ लांबीच्या ३.२६ पट ताणला जातो. वीतभर दोर तीन वितींहून अधिक लांब व्हावा, तसें हें आहे. एरव्हीं हातापायांचे स्नायु दीडपटीपलीकडे ताणले म्हणजे त्यांस इजा होण्याचा संभव असतो. संगणकानें ज्या पट्ट्यावर सर्वांत अधिक ताण दाखविला, त्याच पट्ट्यांत चित्रांमध्यें फाटलेली जागा दिसून येते. चित्र व गणित यांची साक्ष अशी जुळली.

या साक्षीचें मोल जास्तहि समजूं नये. संगणकांतील आकृति एका स्त्रीवरून केलेली होती, आणि गर्भारपणांत देवाच्या योजनेनें स्नायु जे मऊ व लवचिक होतात त्याचा हिशेब ती पुरता करूं शकत नव्हती. बहुतेक स्त्रिया एवढा ताण सोसूनहि फाटल्याशिवाय सुटतात, हें एक आश्चर्यच आहे. म्हणून तरुण मुलींनीं बाळंतपणाची भीति धरूं नये. मला त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, शेतांत पाय मुरगळला किंवा हात मोडला तर ती जशी इजा आहे, तशीच ही इजा आहे. ती चारित्र्याचा दोष नाहीं, आळस नाहीं, मागच्या पापाचें फळ नाहीं. नवऱ्याचा हात मोडला तर त्याच दिवशीं गाडी जोडून त्याला गांवाला नेतात. बायकोच्या शरीरांतला पट्टा तुटला तर तिला लुगड्याची घडी देतात. हा भेद कोणत्या न्यायाचा?

आतां कोणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट झाली. तर आपल्याच विदर्भाकडे पाहूं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचा वृत्तांत १९८९ सालीं लॅन्सेटमध्यें प्रसिद्ध केला. तेथें मोठीं यंत्रें नव्हतीं. हाताची तपासणी, प्रयोगशाळा आणि स्त्रियांचा विश्वास एवढेंच भांडवल होतें. त्यांत शंभरांतील ९२ स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग असल्याचें आढळलें. पूर्वीं कधीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. बाकीच्यांनीं काय केलें? माझ्या आईनें केलें तेंच केलें. शुभवर्तमानांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या एका बाईची हकीकत आहे, ती आपणां सर्वांना ठाऊक आहे. ती गर्दींत मागून, लपून आली. प्रभूनें मात्र तिला तसेंच लपून जाऊं दिलें नाहीं. सर्वांसमोर पुढें बोलावून तिला कन्या म्हटलें. तिचें दुखणें उघड झालें आणि तिची लाज गेली. सोसणें हा सद्गुण आहे खरा. परंतु ज्यावर उपाय आहे तें दुखणें केवळ लाजेनें झांकून ठेवणें, याला मी सद्गुण म्हणणार नाहीं.

मौन हा एक धोका झाला. दुसरा धोका त्याच्या उलट आहे, आणि त्यांत मी स्वतः अपराधी आहें. दहा-बारा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथील एक गृहस्थ माझ्याकडे आले व म्हणाले, “फादर, घरच्या मंडळीची पिशवी खराब झाली आहे. काढावी लागेल म्हणतात. मदतनिधींतून कांहीं मिळालें तर बरें.” बाईचें वय तिशीच्या आंतबाहेर असेल. मीं पांच मिनिटांत पत्र लिहून सही केली. तपासणी काय झाली, दुसऱ्या डॉक्टरला दाखविलें काय, दुसरा उपाय आहे काय, यांतलें कांहीं मीं विचारलें नाहीं. उलट गरिबाच्या उपयोगी पडलों म्हणून मला समाधान वाटलें. शस्त्रक्रिया झाली; पिशवीबरोबर बीजकोशहि काढण्यांत आले. दोन वर्षांत बाईचें अंग पुन्हां खालीं येऊं लागलें, लघवी पूर्वीसारखीच सुटूं लागली, आणि अकालीं पाळी गेल्यामुळें अंगाची आग व हाडांचें दुखणें मागें लागलें. मोठ्या शहरांतील इस्पितळांत चित्र काढल्यावर कळलें कीं, एका बाजूचा पट्टा हाडापासून सुटलेला आहे. मूळ इजा पिशवींत नव्हतीच. बाजेचें सुंभ तुटलें होतें, आणि आम्हीं निजणाऱ्यालाच घराबाहेर काढलें होतें. तें चित्र त्या माणसानें मला आणून दाखविलें. मला एक शब्दहि ठपक्याचा बोलला नाहीं. त्यानें बोलावयास पाहिजे होतें.

ही एका घरची गोष्ट नव्हे. बीड जिल्ह्यांतील ऊस तोडणाऱ्या स्त्रियांविषयीं ओरड झाल्यावर २०१९ सालीं सरकारी समितीनें चौकशी केली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडूं नये, मुकादमाची उचल फिटावी, कर्करोगाची भीति घातलेली, अशीं अनेक कारणें पुढें आलीं. अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांस आळा घालण्यासंबंधींच्या नियमांची अंमलबजावणी करा, असें २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राज्यांना बजावलें. माझा मुद्दा नीट ध्यानांत घ्या. कर्करोग, आटोक्यांत न येणारा रक्तस्राव, कांहीं मोठ्या गांठी अशा प्रसंगीं गर्भाशय काढणें जरूर असतें व त्यानें जीव वांचतो. परंतु “पिशवी काढा म्हणजे सर्व दुखणीं गेलीं” हें खोटें आहे.

आतां एक कडू गोष्ट बोलणें भाग आहे. ज्या सोनोग्राफीनें आईचें दुखणें दिसतें, त्याच यंत्राचा आपल्या भागांत पोटांतील मुलगी शोधून तिला नाहींशी करण्याकडे उपयोग झाला. असल्या चाचण्यांविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालींच कायदा केला. १९९४ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला. तरीहि आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुलींची संख्या २००१ सालच्या शिरगणतींत ९०८ होती ती २०११ सालीं ८५५ वर आली. ज्या जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें जिजाबाईंचा जन्म झाला त्या जिल्ह्याचा हा आंकडा! यंत्राला पाप नाहीं नि पुण्यहि नाहीं. पाहणारा काय शोधतो यावर सर्व आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कायद्याची जी पाटी असते ती पाहून मात्र कोणाहि बाईनें स्वतःच्या दुखण्यासाठीं आंत जाण्यास भिऊं नये. ती पाटी तिला अडविण्यासाठीं नाहीं.

तर मग करावें काय? सिस्टरांनीं सांगितलेल्या चार गोष्टी मी येथें ठेवतों.

पहिली, तपासणी. कांहीं खालीं आल्यासारखें वाटणें, लघवी सुटणें, अंगावरून दुर्गंधियुक्त जाणें यांपैकीं कांहींहि असेल तर स्त्रीवैद्याकडून अथवा जाणत्या नर्सकडून तपासून घ्यावें. पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें तर एक आठवडाहि थांबूं नये. अंग बाहेर येण्याचें निदान बहुतेक हाताच्या तपासणीनेंच होतें. प्रत्येकीला महागडें चित्र लागतें असें नाहीं. सोनोग्राफी वा एम्.आर्.आय्. केव्हां पाहिजे तें डॉक्टरांनीं ठरवावें. पण तपासणीवांचून, केवळ एका कागदावरून, कोणी मोठी शस्त्रक्रिया सुचविली तर दुसऱ्या डॉक्टरचें मत घेतल्याशिवाय होकार देऊं नये.

दुसरी, व्यायाम. लघवी मध्येंच रोखून धरतांना जे स्नायु आंवळतात तेच आंवळून कांहीं सेकंद धरावे व सोडावे. असें आठदहा वेळां, दिवसांतून तीनदां, निदान तीन महिने करावें. ओळखीपुरता लघवीचा दाखला दिला. व्यायाम मात्र लघवी करतांना करूं नये. अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं या व्यायामाचा पुरस्कार केला, तो आजहि पहिला उपाय गणला जातो. भाकरी थापतांना, बसची वाट पाहतांना, कोणास न कळतां तो करतां येतो. फाटलेला पट्टा त्यानें शिवला जात नाहीं. राहिलेले पट्टे मात्र बळकट होतात.

तिसरी, आधार. रबरी किंवा सिलिकॉनची एक कडी असते, तिला डॉक्टर रिंग म्हणतात. ती आंत बसविली म्हणजे अंग जागेवर राहतें. वेळोवेळीं ती काढून धुवावी लागते. अशी एक लहानशी कडी माझ्या आईला मिळाली असती, तर ती माझ्या दीक्षेच्या पंगतींत बसली असती.

चौथी, शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर गर्भाशय राखून करण्याच्या रीती आहेत हें ठाऊक असूं द्या. त्यांतील कांहीं आपल्याच माणसांनीं घडविल्या. गोव्यांतील शिरोडें गांवचे, मुंबईंत कीर्तीला चढलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं तरुण स्त्रियांसाठीं गर्भाशय न काढतां त्याला पट्टीनें मागच्या हाडाशीं बांधून धरण्याची शस्त्रक्रिया बसविली, मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांनीं गर्भाशय पुढच्या बाजूनें टांगून धरण्याची रीत प्रचारांत आणली. त्यांच्यापाशीं संगणक नव्हता. दोर किती ताणावा तें त्यांच्या बोटांना कळत होतें. आज तोच ताण गणितानें पारखण्याचे प्रयत्न देशोदेशीं चालू आहेत. म्हणजे त्या जुन्या हातांनीं जें जाणलें होतें तें आतां सर्वांना शिकवितां येईल अशी आशा आहे.

आतां दोन शब्द पुरुषांना. या चारहि गोष्टी तुमच्यावांचून व्हावयाच्या नाहींत. बायको तपासणीला जाईल तेव्हां तिच्याबरोबर जा, बाहेर बांकावर बसा. बाळंतिणीचा सव्वा महिना पाळा. तेवढे दिवस हंडा तुम्ही उचला. आणि घरांत कोणी दाराशीं बसूं लागली, प्रवास टाळूं लागली, तर तिच्यावर रागावण्यापूर्वीं तिला विचारा. मीं विचारलें नाहीं.

आपल्या मंडळानें एक ठराव केला आहे तो जाहीर करतों. महोत्सवाच्या खर्चांतून जी शिल्लक राहील ती दवाखान्याकडे जाईल. तिच्यांतून स्त्रियांच्या तपासणीचा, प्रवासाचा आणि दुसऱ्या डॉक्टरच्या मताचा खर्च दिला जाईल. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठीं मदतीचें पत्र माझ्याकडे मागावयास येणाऱ्यानें प्रथम सिस्टरांना भेटावें. माझी सही आतां पांच मिनिटांत मिळणार नाहीं.

ख्रिस्तमंदिराच्या बाहेर महोत्सवाची जी शिळा बसविली आहे तिच्यावर नांवें कोरलेलीं आहेत. विटा वाहणाऱ्या त्या मायमाऊलींचीं नांवें आतां मिळणें कठीण. त्यांच्या मुली व सुना मात्र या मांडवांत बसल्या आहेत. कांहीं अगदीं मागें, दाराजवळ बसल्या आहेत. मायबहिणींनों, उद्यां सकाळीं दहा वाजतां दवाखाना उघडेल. सिस्टर तेथें असतील.